सूक्ष्म अस्थी आणि मातृभूमीचा प्राचीन इतिहास
(खराडी, पुणे येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



खराडीच्या कडेने वाहणारी मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडस येथे भीमेला मिळते. आज तिच्या काठी संगणक-उद्योगाच्या उत्तुंग वास्तू उभ्या आहेत. तेथे पूर्वी शेते होती, हे येथील वडीलधाऱ्या मंडळींनी स्वतः पाहिले आहे. त्याही पूर्वीचा, हजारो वर्षांचा वृत्तान्त मात्र नदीकाठच्या गाळाच्या थरांतच वाचावा लागतो. तो वाचण्याची विद्या येथून जवळच, येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात, डॉ. हसमुख सांकलिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी जोपासली. डॉ. शरद राजगुरू यांनी तर आपल्या संशोधनासाठी मुळा-मुठेचेच खोरे निवडले होते.

प्राचीन प्राणी म्हटले की डोळ्यांसमोर हत्ती, रानबैल, पाणघोडा असे महाकाय जीव उभे राहतात. नर्मदा आणि गोदावरीच्या गाळात अशा प्राण्यांच्या अस्थी सापडल्याही आहेत. परंतु त्या काळी पाऊस किती होता, भोवती वन होते की माळरान, हे जाणून घ्यायचे असेल तर उंदीर, चिचुंद्री, खार, बेडूक, सरडा आणि गोगलगाय यांची साक्ष अधिक मोलाची ठरते. हत्ती अन्नपाण्याच्या शोधात दूरवर भटकतो. उंदराचे सारे आयुष्य बिळाभोवतीच्या थोड्या भूमीत जाते. गवताळ माळावर राहणारी जात दाट वनात टिकत नाही. खारीला झाडे हवीत, बेडकाला ओलावा हवा. म्हणूनच या जीवांचे अवशेष त्या ठिकाणच्या हवामानाची जणू नोंदवहीच असतात.

या अस्थी एकत्र साठतात कशा? त्याचे श्रेय बव्हंशी घुबडाला द्यावे लागते. घुबड लहान भक्ष्य सबंध गिळते आणि न पचलेली हाडे व केस यांची गोळी करून तोंडावाटे बाहेर टाकते. गुहेत पिढ्यान्‌पिढ्या घुबडांचा वास असेल तर तळाशी अशा हाडांचे थर साचतात. संशोधक प्रत्येक थराची माती वेगळी ठेवून बारीक चाळणीवर पाण्याने धुतात आणि उरलेल्या कणांतून तांदळाच्या दाण्याएवढे दात वेचून काढतात. दाढांवरील उंचवट्यांची रचना पाहून जात ओळखली जाते. कोणत्या थरात माळावरच्या जाती अधिक, कोणत्या थरात वनातल्या, याची गणना केली की हवामानाचे चढउतार दिसू लागतात. या कामी सावधपणाही लागतो. घुबड आपल्या आवडीचेच भक्ष्य निवडते आणि नदी निरनिराळ्या ठिकाणची हाडे एकत्र आणून टाकते. हे ध्यानात न घेता काढलेला निष्कर्ष फसवा ठरतो.

आपल्या देशात या विद्येचे मोठे क्षेत्र म्हणजे आंध्र प्रदेशातील बिल्लासुरगमच्या गुहा. १८८० च्या दशकात रॉबर्ट ब्रूस फूट आणि त्यांचे पुत्र हेन्री यांनी तेथे उत्खनन केले. तेथील अवशेषांवर अलीकडे पुन्हा काम होऊन २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ओळख पटलेल्या सस्तन प्राण्यांच्या २१ प्रकारांपैकी २० प्रकार किमान १ लाख वर्षांपासून आजवर टिकून आहेत, असे त्यांत दिसले. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात याच दीर्घ कालखंडात कितीतरी मोठे प्राणी समूळ नाहीसे झाले. भारतीय भूमीवर हवामान पालटले, अधिवासांचे तुकडे झाले, काही जीव स्थानिक पातळीवर लोपले, तरी बहुतेकांना कोठे ना कोठे आसरा मिळाला. मातृभूमीच्या या पालकत्वाचा अभिमान वाटावा, असेच हे चित्र आहे.

महाराष्ट्राचे उदाहरण घ्यावयाचे तर जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे १९७० च्या दशकात डॉ. साळी यांनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचे मिळाली. ती सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीची आहेत. त्या मानवाने कवचांवर नक्षी कोरली, त्यांचे मणी घडविले. आज शहामृग भारतात वन्य अवस्थेत नाही. तो मोकळ्या, कोरड्या प्रदेशातला पक्षी असल्यामुळे तेव्हाच्या खानदेशाचे रूप कसे असेल, याचा अंदाज त्या कवचांवरून बांधता येतो.

पुणे जिल्ह्यातच, घोड नदीच्या काठी, इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तेथे १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले. डॉ. म. के. ढवळीकर यांच्या मते इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास हवामान कोरडे होत गेले आणि गावाचे वैभव ओसरले. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती खालावली आणि शिकारीवरचा भार वाढला. वन्य प्राण्यांच्या हाडांचे वाढलेले प्रमाण हा यातील एक प्रमुख पुरावा. अवर्षणाने सुस्थितीतले गावही कसे खचते, हा धडा आजच्या महाराष्ट्राला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

राष्ट्राच्या प्राचीनतेविषयी आपण अभिमानाने बोलतो आणि ते योग्यही आहे. मात्र त्या अभिमानाला पुराव्याचा पाया हवा. जुन्नर तालुक्यातील बोरी येथे ज्वालामुखीच्या राखेसोबत अश्मयुगीन हत्यारे सापडली. त्या राखेच्या वयाविषयी तज्ज्ञांमध्ये दीर्घकाळ मतभेद राहिले. काहींनी ती लाखो वर्षांपूर्वीची मानली, तर काहींनी सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या टोबा उद्रेकाची. अशा वेळी सोयीचा आकडा उचलून घोषणा करणे हा ज्ञानाचा मार्ग नव्हे. सत्यशोधनाचे व्रत धीराने पाळणे, हेच आपल्या परंपरेला शोभते.

हा पुरावा आज आपल्या पायाखालूनच नष्ट होत आहे. नदीकाठचा गाळ वीटभट्ट्यांत जातो, वाळू उपसली जाते, इमारतींच्या पायासाठी खोल खणले जाते. हत्तीचा सुळा निघाला तर यंत्र थांबेल, पण उंदराच्या दातासाठी कोण थांबणार? म्हणून प्रत्येक जागरूक नागरिकाने एवढे करावे. खोदकामात शिंपल्यांचे थर, हाडे वा घडविलेले दगड दिसले तर ते घरी नेऊ नयेत. जागा जशी आहे तशी राखून डेक्कन कॉलेज किंवा पुरातत्त्व विभागास कळवावे, कारण थरातून सुटलेल्या हाडाचे निम्मे बोलणे तेथेच संपते. सुट्टीत मुलांना डेक्कन कॉलेजचे संग्रहालय अवश्य दाखवावे.

मातृभूमीचे पूजन करताना तिच्या मातीतला कणही ओळखता यावा, एवढी जिज्ञासा घरोघरी जागी झाली, तर मुळा-मुठेच्या काठी अजून जे शिल्लक आहे ते पुढच्या पिढीच्या हाती सुखरूप पोहोचेल.