घरासाठी प्रिंटर घेताना

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! आणे चलनातून केव्हाच गेले, पण ही म्हण भाषेत टिकून राहिली. कारण ती जो अनुभव सांगते तो अद्याप जुना झालेला नाही. घरासाठी प्रिंटर घेणाऱ्या कुटुंबाला तो आज नव्याने येतो. दुकानात यंत्राची किंमत विचारली जाते, ती परवडण्यासारखी वाटते आणि यंत्र घरी येते. दोन-तीन महिन्यांत शाई संपते. नवी शाई आणावयास गेलेल्या गृहस्थास तेव्हा कळते की, काळे आणि रंगीत अशी दोन कार्ट्रिजे घेतली तर यंत्राच्या जवळजवळ निम्मी रक्कम मोजावी लागणार! मग यंत्रावर कापड पडते, आणि मुलाचा शाळेचा प्रकल्प छापून आणण्यासाठी नाक्यावरचे झेरॉक्सचे दुकान पुन्हा गाठावे लागते.

ज्या घराचा महिना ठरलेल्या पगारावर चालतो, तेथे ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. २०२० साली साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा अभ्यासाचे कागद घरीच छापण्याची गरज अनेकांना प्रथम जाणवली. ती गरज पुढेही राहिली. म्हणून यंत्र घेण्यापूर्वी त्याचे अर्थशास्त्र थोडे समजून घेणे हिताचे आहे.

घरगुती प्रिंटरांचे मुख्यतः दोन वंश आहेत. एक शाईचा आणि दुसरा भुकटीचा. शाईच्या यंत्रात केसाहूनही बारीक छिद्रांतून शाईचे सूक्ष्म थेंब कागदावर उडविले जातात. काही यंत्रांत क्षणभर उष्णता देऊन शाईत बुडबुडा निर्माण करतात आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो. काहींत विजेच्या दाबाने आकार बदलणारा स्फटिक हेच काम करतो. भुकटीच्या, म्हणजे लेझर यंत्राचे मूळ त्याहून जुने आहे. चेस्टर कार्लसन या अमेरिकन संशोधकाने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी कोरड्या भुकटीने पहिली प्रतिमा उमटवून दाखविली. त्याच तत्त्वावर झेरॉक्स यंत्र उभे राहिले आणि पुढे लेझर प्रिंटरही. प्रकाशाच्या किरणाने ड्रमवर अक्षरांची अदृश्य आकृती काढावयाची, तिला टोनरची भुकटी चिकटवावयाची आणि उष्णतेने ती कागदावर पक्की करावयाची, असा हा क्रम आहे.

शाईच्या यंत्रांत व्यापाराची एक रीत रूढ झाली. यंत्र स्वस्तात द्यावयाचे आणि नफा शाईवर मिळवावयाचा. हिला पहिला मोठा शह ग्राहकांनीच दिला. इंडोनेशियासारख्या देशांत लोक यंत्राच्या बाहेर शाईच्या टाक्या बसवून नळीने शाई आत नेऊ लागले. अखेर एप्सन कंपनीने २०१० साली त्याच देशात स्वतःचे टाकीचे यंत्र बाजारात आणले. यंत्र महाग, शाई स्वस्त! पुढे इतर कंपन्याही त्या वाटेने गेल्या. आज आपल्या गावातल्या दुकानातही कार्ट्रिजचे, टाकीचे आणि लेझर असे तीन प्रकार शेजारी शेजारी मांडलेले दिसतात. यांतून निवड कशी करावी?

येथे दुकानदारास विचारावयाचा प्रश्न यंत्राच्या किमतीचा नाही. तो असा : याचे कार्ट्रिज किंवा बाटली कितीला मिळते, आणि तीत किती पाने निघतात? पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागले की एका पानाचा खर्च हाती येतो. पानांचा हा आकडा बहुधा खोक्यावर किंवा माहितीपत्रकात छापलेला असतो आणि तो काढण्याची आंतरराष्ट्रीय मानकेही आहेत. एकरंगी टोनरसाठी १९७५२ क्रमांकाचे, तर रंगीत शाईसाठी २४७११ क्रमांकाचे. मात्र ही चाचणी ठरावीक पाने सलग छापून घेतात. आठवड्याला दोन पाने छापणाऱ्या घरात छिद्रे साफ करण्यातच बरीच शाई खर्च होते, म्हणून तेथे प्रत्यक्ष पाने त्याहून कमी निघतात. शिवाय यंत्राबरोबर येणारे पहिले कार्ट्रिज पुष्कळदा अर्धवट भरलेले असते, हेही लक्षात ठेवावे.

आता हिशेबासाठी काही आकडे गृहीत धरू. भाव गावोगाव बदलतील, रीत बदलणार नाही. समजा, कार्ट्रिजचे यंत्र ४,००० रुपयांना आहे आणि ८०० रुपयांच्या काळ्या कार्ट्रिजमध्ये १६० पाने निघतात. म्हणजे पानाला ५ रुपये पडले. टाकीचे यंत्र १२,००० रुपयांना आहे आणि ४५० रुपयांच्या बाटलीत ४,५०० पाने निघतात. म्हणजे पानाला १० पैसे. लेझर यंत्र १४,००० रुपयांना आहे आणि २,४०० रुपयांच्या कार्ट्रिजमध्ये १,५०० पाने निघतात. म्हणजे पानाला १ रुपया ६० पैसे. नाक्यावरचा दुकानदार एका पानाचे ५ रुपये घेतो, पण त्यात कागद त्याचा असतो. घरी छापताना कागदाचे साधारण ६० पैसे वेगळे धरावे लागतील.

हे आकडे आता तीन घरांना लावून पाहावेत, आणि यंत्राचे आयुष्य चार वर्षे धरावे.

पहिले घर निवृत्त दांपत्याचे आहे. बँकेचा कागद, रेल्वेचे तिकीट, एखादा अर्ज, अशी महिन्याला १० पाने; चार वर्षांत ४८०. कार्ट्रिजचे यंत्र घेतल्यास यंत्र आणि शाई मिळून ६,४०० रुपये होतात, टाकीचे घेतल्यास १२,०४८. दुकानात छापून आणल्यास अवघे २,४००! शिवाय न वापरलेली शाई वाळणार ती वेगळीच. या घराने यंत्र घेऊच नये, हाच खरा सल्ला होय.

दुसरे घर शाळकरी मुलांचे आहे. महिन्याला ५० पाने. चार वर्षांत २,४००. कार्ट्रिजचे यंत्र येथे १६,००० रुपयांवर जाते आणि टाकीचे १२,२४० वर थांबते. कागदाचे १,४४० रुपये मिळविले तर टाकीचा खर्च १३,६८० होतो, आणि दुकानाचा १२,०००. दोन्ही पारडी जवळजवळ समान! येथे निर्णय पैशाने होत नाही. दुकान किती लांब आहे, रात्री नऊ वाजता मुलाला आठवलेला प्रकल्प कोठे छापावयाचा, रंगीत चित्रे किती लागतात, यांवर तो होतो. मात्र यंत्र घ्यावयाचेच तर स्वस्त यंत्र येथे महाग पडते, एवढे निश्चित.

तिसरे घर शिकवणी घेणाऱ्या बाईंचे आहे. प्रश्नपत्रिका आणि सरावाचे कागद मिळून महिन्याला २०० पाने; चार वर्षांत ९,६००. कार्ट्रिजच्या यंत्राचा खर्च ५२,००० रुपये! दुकानाचा ४८,०००. टाकीचे यंत्र १२,९६० रुपयांत आणि ५,७६० रुपयांच्या कागदात भागते. लेझर यंत्र नव्या कार्ट्रिजवर चालविले तर २९,३६० रुपये लागतात. पण ४०० रुपयांत टोनर भरून मिळत असेल तर पानाचा खर्च २७ पैशांवर येतो आणि तेही टाकीच्या जवळ येऊन बसते. बाईंच्या शिकवणीचे उत्पन्न महिन्याअखेर हाती राहते की शाईत जाते, हे या एका निवडीवर अवलंबून आहे.

दोन यंत्रांच्या किमतींतील फरकाला पानाच्या खर्चातील फरकाने भागले, तर महाग यंत्र किती पानांनंतर स्वस्त ठरते ते कळते. वरच्या उदाहरणात ८,००० भागिले ४ रुपये ९० पैसे, म्हणजे सुमारे १,६३३ पाने. महिन्याला ५० पाने छापणाऱ्यास तेथे पोहोचण्यास पावणेतीन वर्षे लागतील, २०० छापणाऱ्यास आठ-नऊ महिने.

पैशाबरोबर हवामानाचाही विचार करावा. इंदूर-ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात बंद पडून राहिलेल्या यंत्राच्या छिद्रांत शाई वाळते. आठवड्यातून एक रंगीत पान छापणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे. यंत्र भिंतीवरच्या बटणाने न मालवता त्याच्याच बटणाने बंद करावे, म्हणजे छिद्रांवर झाकण नीट बसते. टोनरची भुकटी मुळातच कोरडी असल्याने महिनोन्महिने पडून राहिली तरी तिचे काही बिघडत नाही. क्वचित पण एकदम पुष्कळ छापणाऱ्यास लेझर यंत्र सोयीचे ते यामुळेच. गोव्याच्या पावसाळ्यात अडचण निराळी. तेथे कागद ओल धरतो, वाकतो आणि यंत्रात अडकतो. कागदाचे उघडे रीम डब्यात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवावे. काही शाया पाण्यात विरघळणाऱ्या रंगाच्या असतात आणि थेंब पडताच फुटतात. सूक्ष्म कणांच्या, म्हणजे पिग्मेंटच्या शाईचे अक्षर पाण्याला अधिक टिकते. महत्त्वाचे दस्तऐवज छापणाऱ्याने हा भेद विचारून घ्यावा. आणि एक गोष्ट : लेझर यंत्र कागद तापविण्यासाठी एकदम पुष्कळ वीज ओढते. घरातील लहान इन्व्हर्टरवर ते चालेल, असे गृहीत धरू नये.

बाहेरची शाई वापरावी का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० मे २०१७ रोजी लेक्समार्क कंपनीच्या प्रकरणात असे ठरविले की, एकदा विकलेल्या कार्ट्रिजवर कंपनीचा पेटंटचा हक्क उरत नाही. ते कोणी पुन्हा भरून विकले, तर त्या हक्काच्या आधारे अडविता येणार नाही. निर्णय त्या देशापुरता असला, तरी त्यामागील तत्त्व समजण्यासारखे आहे. तथापि अनेक कार्ट्रिजांत आता चिप असते आणि परकी चिप दिसताच काही यंत्रे छापणेच थांबवितात. म्हणून गावात भरणा करून देणारा विश्वासू कारागीर आहे काय, आणि हे यंत्र त्याच्या हाताखालून गेले आहे काय, याची चौकशी आधी करावी. हमीच्या अटीही वाचाव्यात. हमी पुष्कळदा वर्षांत आणि पानांत, अशी दोन्ही मापांत दिलेली असते.

दुकानात आणखी चार गोष्टी विचाराव्यात. कागदाच्या दोन्ही बाजूंस यंत्र आपोआप छापते काय? छापत असेल तर कागदाचा खर्च निम्म्यावर येतो. रंगीत शाई संपली असता काळे छापता येते काय? साफसफाईची वाया गेलेली शाई शोषणारा पॅड घरी बदलता येतो काय? आणि दुरुस्तीचे केंद्र आपल्याच शहरात आहे, की यंत्र दूरगावी पाठवावे लागते?

श्रोतेहो, या सर्वांआधी करावयाचे एक काम मात्र बिनखर्चाचे आहे. घरात एक वही ठेवावी आणि महिनाभर, जमल्यास परीक्षेच्या दिवसांतील एक महिना, किती पाने छापावी लागली ते तीत लिहावे. काळी किती, रंगीत किती. तो आकडा हाती घेऊन दुकानात जाणाऱ्या ग्राहकाला कोंबडीचा भाव ऐकतानाच मसाल्याचाही हिशेब कळलेला असतो.