वाफे, वॉफल आणि कमरेची सुरी

२०२५च्या दिवाळीच्या सुट्टीत माझी सात वर्षांची नात पुण्याहून निमोण्याला आली. पहिल्याच सकाळी चुलीपुढं बसून म्हणाली, "दादी, आज वॉफल कर ना!" माझी बायको धिरडं उलथत होती. ती म्हणाली, "वाफे? ते तुझा चाचा करतो, रानात. कांद्याचे."

नातीनं कोळशानं फरशीवर चित्र काढून दाखवलं. चौकोनी खळगे, मध्ये उंच कडा, खळग्यांत मध ओतायचा. बायकोनं उलथनं हातात धरूनच ते निरखलं. "हे तर वाफेच आहेत गं. पण ह्यांत मध सोडायला रात्री बारा वाजता कोण जातं?" आम्ही खूप हसलो. पॅनकेकची भानगड त्या मानानं सोपी निघाली. पॅनकेक म्हणजे शाळेत जाऊन आलेलं धिरडं, एवढं कळल्यावर दादीचं समाधान झालं.

धाकटा मुलगा मात्र हसला नाही. त्या आठवड्यात पंपाची लाईट रात्रीची होती आणि दारं धरायला त्यालाच जायचं होतं.

ते दिवस फार वाईट होते. आमच्याच शिरूर तालुक्यात, पिंपरखेड-जांबूतच्या शिवारात, १२ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर या तीन आठवड्यांत बिबट्यानं तीन जीव घेतले. साडेपाच वर्षांची मुलगी, ८२ वर्षांची आजी आणि १३ वर्षांचा मुलगा. लोक चिडून महामार्गावर बसले. आमचं गाव तिथून लांब आहे, पण ऊस आमच्याकडेही आहे, आणि उसाला गावाची शीव कळत नाही.

आम्ही शिकलगार. अब्बा धार लावायचं चाक घेऊन आठवडी बाजार करायचे. विळे, खुरपी, अडकित्ते, कोयते. धार लागली की पातं स्वतःकडे ठेवून मूठ पुढं करायचे. एकदा एक पोरगा घरातली सुरी घेऊन आला आणि म्हणाला, "चाचा, टोकाला जरा जास्त लावा." अब्बांनी विचारलं, "भाजी टोकानं चिरतोस का?" सुरी तशीच परत दिली. २०२३ साली पुण्यात कोयता विकताना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड बघायची वेळ आली, तेव्हा मला तो प्रश्न आठवला होता. अब्बांचं काम कार्डाशिवाय व्हायचं.

तर त्या रात्री मुलानं हातात कोयता घेतला आणि अब्बांची सुरी कमरेला खोचली. मी विचारलं, "कोयत्याचं काय करशील?" तो म्हणाला, "येऊ दे की समोर!"

अडचण इथंच आहे. बिबट्या सहसा समोर येत नाही. तो दबा धरतो, मागून येतो आणि मान धरतो. त्याला वाकलेलं, बुटकं, एकटं सावज हवं असतं. दारं धरणारा माणूस पावड्यानं माती ओढताना नेमका तसाच दिसतो, आणि उसात बसलेलं लहान मूल तर अगदी तसंच. मानेत दात रुतल्यावर कमरेपर्यंत हात जात नाही. कोयता चालवायचा तर बिबट्याला हाताच्या अंतरात येऊ द्यावं लागतं, आणि तिथं तो आपल्यापेक्षा चपळ असतो. म्हणून पात्यानं धीर येतो हे खरं, पण त्या धिरावर माणूस एकटा जातो, हा त्याचा तोटा.

१९८६च्या सुमारास सुंदरबनात जंगलात जाणारे लोक वाघाला फसवायला डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाचा मुखवटा बांधू लागले होते. मी मुलाला म्हटलं, तुझ्या मागं माझा चेहरा रंगवू या. तो म्हणाला, "नको, कविता ऐकायला मिळेल म्हणून तो बसूनच राहील."

शेवटी दोघं गेलो. माझं हत्यार म्हणजे बॅटरी, घुंगुरकाठी, बायकोची स्टीलची परात आणि तेच उलथनं. मोबाइलवर गाणी लावून ठेवली. गाणी संपली की मी माझ्या कविता मोठ्यानं म्हणत होतो. घरात एवढा वेळ मला कुणी दिला नव्हता.

दोनच्या सुमारास बांधापलीकडं ऊस सळसळला. बॅटरी मारली तर जमिनीलगत दोन डोळे. पंचवीस-तीस पावलांवर असतील. मुलगा खाली ठेवलेला कोयता उचलायला वाकणार, एवढ्यात मी ओरडलो, "वाकू नकोस!" तो ताठ उभा राहिला. खांद्याला खांदा लावून आम्ही हात वर केले आणि मी परात बडवायला घेतली. हात इतका थरथरत होता की ताल आपोआप द्रुत झाला. डोळे हलले नाहीत. पळावंसं फार वाटलं, पण पळणाऱ्याची पाठ दिसते. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग डोळे विझले. आम्ही तोंड तिकडंच ठेवून मागं मागं सरकत मोटारीच्या खोलीत शिरलो आणि उजाडेपर्यंत तिथंच बसलो. पाणी चालूच राहिलं, तीन वाफे फुटले. कमरेची सुरी मुलाला सकाळी आंघोळीला जाताना आठवली.

पारावर कुणी म्हणालं, फास लावू. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कलम ११ आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्रामाणिकपणे प्राणी मारला किंवा जखमी केला तर तो गुन्हा होत नाही. पण संकट टळल्यावर दुसऱ्या दिवशी फास लावणं हा बचाव नव्हे. मी तेवढं सांगितलं आणि म्हटलं, अर्ज करायचाच तर पंपाला दिवसा लाईट द्या असा करू. दिवसा लाईट मिळाली तर आम्हाला परात लागणार नाही. सही सगळ्यांनी केली.

पुढं नोव्हेंबरात पिंपरखेडचे लोक गळ्यात लोखंडी खिळ्यांचे पट्टे घालून रानात जायला लागले. धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यात असतो तसा पट्टा, आता माणसाच्या गळ्यात. आम्हीही लोहाराकडून तीन करून आणले. खिळ्यांची टोकं बोथट होती. घरात अब्बांचं चाक होतंच. मी एकेक टोक चाकाला लावत बसलो. ठिणग्या उडत होत्या आणि अब्बांचा भाजीचा प्रश्न काही केल्या कानातून जाईना. पट्ट्याची आतली बाजू मात्र तेवढ्याच निगुतीनं घासून गुळगुळीत केली, बायकोच्या मानेला लागू नये म्हणून.

नात पुण्याला परत जायच्या दिवशी बायकोनं पहाटे अंगणातल्या चुलीवर धिरडी घातली. तव्यावरच उलथन्यानं उभ्या-आडव्या रेघा ओढून चौकोन पाडले, वर गुळाचा पाक सोडला आणि "हे घे तुझं वॉफल" म्हणाली. गळ्यात पट्टा होता. अंगणापलीकडं लगेच ऊस. चुलीत फुंकर घालायला ती खाली झुकली, तशी नात हातातला घास टाकून ओरडली, "दादी, वाकू नकोस!"