गव्हावरील मावा
(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत केलेले भाषण)



भोपाळात मावा म्हटले की मावाबाटी आठवते, आणि त्या विषयावर बोलावयास आम्हांपेक्षा अधिकारी मंडळी या सभेत पुष्कळ आहेत. आम्ही शाळेत विज्ञान शिकवितो. आमचा मावा तो गव्हावरचा. आपल्यापैकी ज्यांची शेती सीहोर-रायसेनकडे आहे, ते तिकडच्या लोकांप्रमाणे त्याला माहू म्हणतात.

हा कीटक जेमतेम दोन मिलिमीटरांचा. सुईसारखे तोंड रोपात खुपसून रस पितो. मादी नराखेरीजच पिलांना जन्म देते, तीही जिवंत. आणि आठ-दहा दिवसांत ती पिले स्वतः आया होतात. रसातली जास्तीची साखर तो मागून टाकतो. तिने पाने चिकट होतात व त्यांवर काजळी धरते.

ओंबीवरचा मावा निदान डोळ्यांना दिसतो. घात करतो तो मुळावरचा. पेरणीनंतर थोड्याच दिवसांत, नोव्हेंबर-डिसेंबरात, शेतात मधूनमधून पिवळे ठिगळ दिसू लागते. शेतकरी म्हणतो, युरिया कमी पडला. आणि पोते फोडतो. युरियाने रोप कोवळे, रसाळ होते, म्हणजे माव्याला मेजवानीच! तेव्हा पोते फोडण्याआधी पिवळ्या जागचे एक रोप मुळासकट उपटून पाहावे. बुंध्याशी आणि मुळांवर गडद हिरवट, मागे तांबूस असे बारीक दाणे चिकटलेले दिसले, तर तो मावा. न दिसले तर माती तपासून घ्यावी. जेथे दरसाल हा त्रास होतो, तेथे पेरणीपूर्वी बियाण्यास प्रक्रिया करणे बरे. कोणती, ते सीहोरच्या कृषी महाविद्यालयात विचारावे.

ओंबीवरच्या माव्याला मात्र खाणारे पुष्कळ. ठिपक्यांचा तांबडा ढालकिडा मुले ओळखतात. त्याची अळी काळी, मगरीच्या आकाराची. तिलाच कीड समजून चिरडणारे आम्ही पाहिले आहेत. मार्चात ऊन तापले की मावा आपणही ओसरतो.

आता फवारणीविषयी. विषाला औषध म्हणण्याची आपल्याला सवय आहे. १९८४ च्या डिसेंबरात, २ व ३ तारखांमधल्या रात्री, ज्या कारखान्यातून वायू सुटला तेथे सेविन नावाचे कीटकनाशक तयार होत असे. मिथाइल आयसोसायनेट हा त्याचाच कच्चा माल. त्या रात्रीची आठवण या शहरात घरोघर आहे. पण तो माल कशासाठी होता, हे वर्गात विचारले तर मुले गप्प बसतात. सेविन म्हणजे कार्बारिल. पाने कुरतडणाऱ्या किडी त्याने मरत. मावा त्याला फारसा दाद देत नसे. मरत तो माव्याला खाणारा ढालकिडा, आणि मधमाशी. त्यामुळे फवारणीनंतर मावा उलट वाढल्याचे शास्त्रज्ञांनी नोंदविले आहे. भारतात कार्बारिलवर २०१८ मध्ये बंदी आली. तरीही 'दुकानदार म्हणाला' एवढ्यावर दुसरा कसला तरी डबा उचलणारे आपल्यातच आहेत. डबा उचलण्यापूर्वी त्यावरचे नाव वाचावे, आणि शेतात ढालकिडे किती आहेत ते मोजावे, इतकेच आमचे मागणे आहे.

बाहेर टेबलावर भिंग ठेवले आहे आणि मुळासकट उपटलेली चार रोपे. मुलांना आधी पाहू द्यावे. रोपे हातात घेऊन झटकू नयेत, मावा गळून पडतो.