वाफेचा हिशेब

न्यूझीलंडच्या उत्तर बेटाच्या मध्यभागी, तौपो सरोवराच्या परिसरात, भूमी अजून पुरती निवालेली नाही. कोठे चिखल खदखदतो, कोठे खडकांतून वाफ निघते, तर कोठे उकळत्या पाण्याचे फवारे एकाएकी आकाशात उसळतात. पावसाचे पाणी खोल मुरते, ज्वालामुखीच्या रसाने तापलेल्या खडकांशी त्याची गाठ पडते, आणि दाबाखाली कोंडलेले ते पाणी मिळेल त्या फटीने वर येते.

या उष्णतेवर वीज निर्माण करण्याचा मोठा उद्योग वैराकेई येथे झाला. इटलीतील लार्देरेल्लोला अशी वीज आधीपासून होत होती. परंतु तेथे कोरडी वाफ मिळे. वैराकेईच्या विहिरींतून वाफ आणि पाणी एकत्र येई. ती वेगळी करून वाफेवर यंत्रे फिरविण्याची युक्ती साधली, आणि 1958 साली केंद्र सुरू झाले. कोळसा जाळावयास नको, धरण बांधावयास नको! उरलेले गरम पाणी वायकाटो नदीत सोडून देत.

येथेच हिशेब चुकला. खडकांत उष्णता पुष्कळ होती. पण पाणी उपसले जाईल त्या वेगाने परत मुरत नव्हते. भूगर्भातील दाब उतरला. जवळच्या दरीतील प्रसिद्ध फवारे काही वर्षांतच निमाले. जमीन खचू लागली, आणि पुढे काही ठिकाणी ती 15 मीटरच्या आसपास खाली गेली. दुसरीकडे, दाब उतरल्यामुळे पाण्याची वाफ होऊन कारापिती येथे पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक वाफ उफाळू लागली. वापरलेले पाणी पुन्हा जमिनीत सोडण्याचा उपाय पुष्कळ उशिरा आला.

उत्तरेकडील रोटोरुआ शहराचा प्रश्न याहून नाजूक. तेथे घरे आणि वसतिगृहे उबदार ठेवण्यासाठी लोकांनी आपापल्या अंगणांत विंधनविहिरी खणल्या होत्या. शहरालगतच्या फाकारेवारेवा येथे माओरी लोकांची जुनी वस्ती आहे. 1886 साली तारावेरा ज्वालामुखीने ज्यांची गावे गाडली, त्यांतील पुष्कळजण येथे आश्रयास आले. त्यांचे स्नान आणि रांधणे याच कुंडांवर चाले. 1979 साली तेथील पापाकुरा नावाचा फवारा थांबला. अखेर 1986 साली, पोहुतू या सर्वांत मोठ्या फवाऱ्यापासून दीड किलोमीटरच्या आतील विहिरी बुजविण्याचा आदेश सरकारने काढला.

आदेशांचे मसुदे रोज हाताळणाऱ्या माझ्यासारख्याला त्या कागदाचे वजन कळते. ज्याच्या घरातली ऊब गेली, त्याचा राग खोटा नव्हता. एकट्या त्याच्या विहिरीने फवारा आटला, असे कोणी दाखवूही शकत नव्हते. तरी आदेश अमलात आला. भूगर्भातील पाण्याची पातळी चढली, पोहुतू जोमाने उसळू लागला. पापाकुरा मात्र गप्पच राहिला. ज्यांच्या विहिरी बुजल्या, त्यांची मुले मोठी झाली. आणि 2015 साली, छत्तीस वर्षांनी, त्याने पुन्हा पाणी उडविले.