‘आणि’ व ‘म्हणून’ यांतील अंतर



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सकाळी विज्ञान शिकवीत आणि दुपारी व्याकरण. तेव्हा मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने औषधांविषयी बोलावे, यात त्यांना तरी काही वावगे वाटले नसते. मी वैद्य नाही. परंतु आज जो प्रश्न मांडणार आहे, तो निम्मा वैद्यकाचा आणि निम्मा भाषेचा आहे. प्रश्न असा : रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला मूत्राशयाचा कर्करोग झाला, तर त्या गोळ्या त्याला तारतात, मारतात, की दोन्हींपैकी काहीच करीत नाहीत?

हा प्रश्न माझ्यापुरता पुस्तकी नाही. सहा वर्षांपूर्वी माझ्या मूत्राशयात अशी गाठ निघाली. हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसविलेली असल्याने त्याच्या कितीतरी आधीपासून मी रोज रात्री ही गोळी घेत होतो. दुर्बिणीतून गाठ काढल्यावर मूत्राशयात बीसीजी सोडण्याचे ठरले, आणि त्याच आठवड्यात एका स्नेह्यांनी कळकळीने बजावले, ‘‘ती कोलेस्टेरॉलची गोळी आधी बंद करा. तिच्यामुळे बीसीजी लागू पडत नाही.’’ त्यांच्या बोलण्याला आधार होता. तो किती पक्का होता, हेच आज पाहावयाचे आहे.

प्रथम गोळीविषयी. १९७१ साली टोकियोतील सांक्यो या कंपनीत अकिरा एंडो या संशोधकाने बुरशीमध्ये कोलेस्टेरॉलविरोधी द्रव्य शोधावयास आरंभ केला. सुमारे ६,००० नमुने तपासल्यावर, १९७३ साली, तांदळावर आढळलेल्या एका निळसर-हिरव्या बुरशीत ते सापडले. यकृतात कोलेस्टेरॉल तयार करणाऱ्या एका विकराला हे द्रव्य अडवून धरते. ‘स्टॅटिन’ कुळाचा हा उगम. त्यातील लोवास्टॅटिनला १९८७ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. तरीही या गोळ्यांनी माणसे खरोखर अधिक जगतात का, हे ठरावयाचे होते. १९९४ साली स्कँडिनेव्हियातील एका चाचणीने ते ठरविले. ४,४४४ हृदयरुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडले गेले. एकाला सिम्वास्टॅटिन, दुसऱ्याला औषधासारखीच दिसणारी पोकळ गोळी. पाच वर्षांहून अधिक काळाने पहिल्या गटात १८२ जण मरण पावले होते, दुसऱ्यात २५६. हा हिशेब आपण लक्षात ठेवू या. पुढे तो उपयोगी पडणार आहे.

आता आजाराविषयी. या रोगाचे सर्वांत मोठे कारण तंबाखूचा धूर हे होय. दुसरे कारण आपल्या परिसराने विसरू नये असे आहे. १८९५ साली लुडविग रेन या जर्मन शल्यविशारदाने फ्रँकफर्टच्या रंगकारखान्यातील कामगारांत मूत्राशयाच्या गाठी आढळल्याचे नोंदविले. रंगनिर्मितीतील काही अमाइन रसायने त्याच्या मुळाशी होती. आपल्या सुरंगीभोवती आज कारखाने आहेत, आणि शेजारच्या वापीची तर ओळखच रसायने व रंग यांवरून आहे. म्हणून हे मुद्दाम सांगतो : लघवीतून रक्त गेले, ते एकदाच गेले आणि मुळीच दुखले नाही, तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. न दुखणे हेच या रोगाचे कपट आहे.

बहुतेक रुग्णांत गाठ स्नायूपर्यंत पोहोचण्याआधीच सापडते. अशा वेळी ती खरवडून काढतात, आणि पुन्हा उद्भवण्याचा धोका मोठा असेल तर मूत्राशयात बीसीजी सोडतात. होय, क्षयावर बाळांना टोचतात तीच लस. कॅनडातील अल्वारो मोरालेस यांनी १९७६ साली नऊ रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला, तेव्हापासून हा उपचार रूढ झाला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही या उपचारासाठी बीसीजी तयार केले आहे. आठवड्यातून एकदा याप्रमाणे सहा वेळा हे जिवंत पण दुबळे जंतू नळीने आत सोडतात. रुग्णाने सुमारे दोन तास ते धरून ठेवावयाचे असतात. जंतूंना पाहून शरीराचे रक्षक पेशीदल धावून येते आणि उरल्यासुरल्या कर्करोगपेशींवरही तुटून पडते.

शंकेचा उगम येथेच आहे. असले जंतू भक्षकपेशीत शिरतात तेव्हा त्या पेशीच्या आवरणातील कोलेस्टेरॉल आवश्यक असते, हे २००० साली प्रयोगशाळेत दिसून आले होते. मग गोळीने कोलेस्टेरॉल घटविले, तर बीसीजी निकामी होणार नाही काय? २००६ साली बेल्जियममधील वैद्यांनी बीसीजी घेतलेल्या ८४ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. स्टॅटिन घेणाऱ्या १९ जणांपैकी ५३ टक्क्यांचा रोग अधिक आक्रमक झाला. न घेणाऱ्या ६५ जणांत हे प्रमाण १८ टक्के होते. माझ्या स्नेह्यांच्या कानी आलेली वार्ता ती हीच.

श्रोतेहो, येथे व्याकरणाकडे वळू या. ‘आणि’ हे समुच्चयबोधक अव्यय, ‘म्हणून’ हे परिणामबोधक. ‘ते गोळी घेत होते आणि त्यांचा रोग वाढला’ हे वाक्य वरील आकड्यांवरून खरे ठरते. ‘ते गोळी घेत होते म्हणून त्यांचा रोग वाढला’ हे वाक्य त्याच आकड्यांवरून सिद्ध होत नाही. १९ माणसांत एक इकडचा तिकडे झाला तरी पाच टक्क्यांचा फरक पडतो. शिवाय ही गोळी कोण घेतो? वयस्क, हृदयरोगी, पुष्कळदा जन्मभर धूम्रपान केलेला मनुष्य. म्हणजे रोग बळावण्याची अन्य कारणे त्याच्या अंगी आधीच असू शकतात. आपल्या पूर्वजांनी यालाच काकतालीय न्याय म्हटले : कावळा बसला आणि फळ पडले.

पुढे काय झाले? २००८ साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग केंद्राने बीसीजी घेतलेल्या ९५२ रुग्णांची नोंद तपासली. त्यांपैकी २४५ जण स्टॅटिन घेत होते. दोन गटांच्या परिणामांत फरक आढळला नाही. पहिली भीती ओसरली. परंतु पारडे दुसऱ्या बाजूला झुकविण्याचीही घाई नको. काही पाहण्यांत स्टॅटिन घेणारे कर्करुग्ण अधिक जगल्याचे दिसते, काहींत तसे दिसत नाही. प्रयोगशाळेत ही औषधे कर्करोगपेशींची वाढ रोखतात हे खरे. मात्र तेथील मात्रा आपल्या रक्तात पोहोचणाऱ्या मात्रेहून पुष्कळदा फार मोठी असते. आणखी एक फसवा भाग असा, की निदानानंतर दोन वर्षांनी गोळी सुरू करणारा मनुष्य ती दोन वर्षे जगलेला असतोच. त्याचे ते आयुष्य गोळीच्या खाती जमा केले, तर हिशेब आरंभीच चुकतो.

माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी अशाच ऐकीव वार्तेवरून आपली गोळी परस्पर बंद केली. तीन महिन्यांनी त्यांना हृदयविकाराचा झटका आला, आणि त्यातून ते उठले नाहीत. ‘गोळी सोडली म्हणून ते गेले’ असे म्हणण्याचा मोह मलाही होतो. परंतु जो नियम मी इतरांना लावला, तो माझ्या दुःखालाही लागतो. एका माणसाविषयी मला ‘आणि’ एवढेच म्हणता येते. त्या ४,४४४ जणांविषयी मात्र ‘म्हणून’ म्हणता येते. कारण तेथे कोणी कोणती गोळी घ्यावी हे वयाने, व्यसनाने वा ऐपतीने ठरविले नव्हते, चिठ्ठीने ठरविले होते.

मी स्वतः माझ्या दोन्ही डॉक्टरांना समोरासमोर विचारले. दोघांनीही गोळी चालू ठेवावयास सांगितली, आणि ती आजही चालू आहे. कर्करोग बरा व्हावा म्हणून मी ती घेत नाही. माझ्या हृदयासाठी घेतो. ज्याला ती हृदयासाठी दिली आहे, त्याने कर्करोगाच्या भीतीने ती परस्पर सोडू नये. आणि ज्याला तिची गरज नाही, त्याने कर्करोगावरील औषध समजून ती दुकानातून आणू नये. बिडी-सिगारेट मात्र आजच सोडावी; तेथे ‘म्हणून’ केव्हाच सिद्ध झालेले आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी काही उद्या परिचारिका होतील, काही औषधांच्या दुकानात उभे राहतील, काही कारखान्यांत जातील. कोणी घाबरलेला मनुष्य तुम्हांला विचारील, ‘‘हे खरे का?’’ त्या वेळी उत्तर देण्यापूर्वी, त्याने ऐकलेल्या वाक्यात कोणते अव्यय आहे आणि तेथे कोणते शोभते, एवढे पाहा. गुरुजींनी आपल्याला सकाळी आणि दुपारी जे शिकविले, ते एकच होते.