लांकडी इमारत आणि संगणकाचें गणित

पुस्तकांनीं भरलेली फळी पहिल्या दिवशीं सरळ दिसते. कांहीं वर्षांनीं तीच मध्यें वांकलेली आढळते. ओझें वाढलेलें नसतें, वाढलेला असतो तो काळ. पोलाद त्या मानानें सरळ स्वभावाचें. लांकूड मात्र रेषांच्या दिशेनें बळकट, आडवें दुबळें, ओल शोषणारें आणि चिरकालच्या भारापुढें थकणारें. जुन्या वाड्यांचे सुतार ही गोष्ट अनुभवानें जाणत व तुळई जाडच घालीत.

युरोपांतील लांकडी बांधकामाच्या संहितेनें, म्हणजे २००४ सालच्या युरोकोड ५ नें, ही थकावट आंकड्यांत बसविली आहे. कोरड्या खोलींतील तुळईवरचा भार कायमचा असेल तर लांकडाची कसोटीवर सिद्ध झालेली ताकद ०.६ नें गुणावयाची. आठवड्याच्या आंतला असेल तर ०.९ नें. उघड्या पावसांत हेच गुणक ०.५ व ०.७ होतात. कायमच्या भारानें आलेला वांक कालांतरानें घरांत १.६ पट, तर उघड्यावर तिप्पट धरावा लागतो. आगीचाही हिशेब आहे: थर चिकटवून केलेली तुळई मिनिटाला सुमारें ०.७ मिलिमीटर कोळसते असें धरून, उरलेल्या गाभ्यावर भार पेलतो कीं नाहीं, हें पाहावयाचें.

हा सारा व्याप आज संगणकावरील सॉफ्टवेअर उरकतें. मापें, लांकडाची प्रत, वारा, हिम व वहिवाट सांगितली कीं भारांचे अनेक मेळ तपासून तें प्रत्येक तुळईपुढें एक आंकडा मांडतें; तो १ च्या आंत असला कीं तुळई संहितेस उतरली. मात्र पडद्यावर दोन तुळया जेथें मिळतात तेथें बहुधा एक बिंदूच असतो. प्रत्यक्षांत त्या जागीं पोलादी पट्ट्या, खुंट्या आणि भोंकें असतात, व लांकडी इमारतीचा जीव बहुतेक वेळां तेथेंच अडकलेला असतो.

डेन्मार्कमध्यें कोपनहेगनजवळ बॅलेरुप येथें सायकलशर्यतींचें नवें क्रीडागृह होतें. ३ जानेवारी २००३ रोजीं त्याच्या छताच्या ७२ मीटर लांबीच्या दोन लांकडी कैच्या कोसळल्या. त्या वेळीं छतावर ना हिमाचा भार होता, ना वाऱ्याचा जोर. पट्ट्यांच्या खांचांनीं व खुंट्यांच्या भोंकांनीं सांध्यापाशीं घटलेलें लांकूड हिशेबांत धरलेंच नव्हतें, आणि उरलेल्याची ताकदही वाजवीपेक्षां अधिक मानली होती. अशी चूक गणनेच्या वेगानें सुधारत नाहीं. उलट चुकीच्या प्रश्नाचें बिनचूक उत्तर अधिक लवकर हातीं येतें. म्हणून सांध्यांचा हिशेब दुसऱ्या जाणत्यानें कागदावर स्वतंत्रपणें करून पाहणें, हा जुनाट वाटणारा शिरस्ता सोडतां येत नाहीं.

आणि कधीं कधीं प्रश्न ताकदीचा नसतोच. नॉर्वेंत ब्रुमुनडाल येथें २०१९ सालीं पुरा झालेला म्योस्टॉर्नेट हा अठरा मजल्यांचा लांकडी मनोरा ८५.४ मीटर उंच आहे. लांकूड हलकें असल्यानें वाऱ्यांत त्याचा माथा डोले व राहणारांस तें जाणवे, अशी धास्ती होती. म्हणून वरच्या सात मजल्यांच्या जमिनी मुद्दाम काँक्रीटच्या केल्या.