वकील फुकट मिळतो, तारीख फुकट मिळत नाही
(विधी साहाय्य परिषद, सोलापूर : स्वागताध्यक्षीय भाषण)



सिद्धरामेश्वरांच्या सोलापुरात स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. १९३० साली या शहरावर मार्शल लॉ लादला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या आमच्या चार माणसांना येरवड्यात फाशी दिले गेले. कायदा माणसावर कसा चालून येतो हे सोलापूरने पाहिले आहे. तोच कायदा गरिबाच्या बाजूने कसा उभा करायचा, याचा विचार करायला आपण इथे आलात याचा म्हणूनच आम्हाला विशेष आनंद आहे.

मी शहराच्या पूर्व भागात वाढलो. आमच्या घरची भाषा तेलुगू. अम्मा मांडीवर सूप घेऊन पहाटेपासून विड्या वळायची. मजुरी मिळायची ती हजारावर. मी सातवीत असताना घरमालकाने खोली खाली करण्याचा दावा लावला. कोर्टाचा कागद आला, तो आमच्यापैकी कोणाला वाचता येईना. अम्माने तो घडी घालून तांदळाच्या डब्यात ठेवला. हरवू नये म्हणून! दोन तारखा तशाच गेल्या आणि एकतर्फी हुकूमनामा झाला. पुढे वकील झाल्यावर मी तो कागद पुन्हा काढून वाचला. त्यात उत्तर देण्यासारखे पुष्कळ होते. पण उत्तर द्यायचे असते, हेच आम्हाला ठाऊक नव्हते.

त्या वेळी तरतूद नव्हती असे नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मोफत विधी साहाय्याचे ३९-अ हे कलम आले होते. १९७८ मध्ये महाराष्ट्रातल्याच होसकोट खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कैद्याला निकालाची प्रत आणि मोफत वकील मिळालाच पाहिजे असे बजावले होते. दुसऱ्या वर्षी ॲड. पुष्पा कपिला हिंगोरानी यांनी बिहारच्या तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांची दाद सर्वोच्च न्यायालयात मागितली. गुन्ह्याला जेवढी शिक्षा होऊ शकली असती, त्याहून जास्त काळ काही जण नुसते खटल्याची वाट पाहत आत होते. त्या याचिकेवरचे हुसैनारा खातून हे नाव तेव्हापासून आपल्या कायद्यात कोरले गेले. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याच्या बाराव्या कलमानुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतली माणसे यांना उत्पन्नाची अट न लावता वकील मिळतो. कोर्ट फी, नकलांचा खर्चही सरकारचा. विडी वळणाऱ्या बाईने उत्पन्नाचा दाखला आणायचा नसतो, ती स्त्री आहे एवढे पुरते. तरीही तिला दाखल्यासाठी परत पाठवणारे टेबल मी स्वतः पाहिले आहे. ते दृश्य आठवले की आजही संताप येतो.

वकील फुकट मिळाला तरी तारीख फुकट मिळत नाही. कोर्टात एक दिवस बसणे म्हणजे तिच्या हजार विड्या बुडणे, वर रिक्षाभाडे. साहेब रजेवर, समोरचा वकील मुदत मागतो, आणि ती हात हलवत परत येते. पोटगीचा दावा लावलेली बाई चौथ्या-पाचव्या तारखेनंतर येईनाशी होते, तेव्हा आपण ‘पक्षकाराला रस नाही’ असे लिहून मोकळे होतो. रस असतो हो, मजुरी नसते. म्हणून दाव्याआधीची तडजोड आणि लोकअदालत यांचे मोल मला मोठे वाटते. तिथला निवाडा हुकूमनाम्याइतकाच पक्का, त्यावर अपील नाही, भरलेली कोर्ट फी परत. पण अपील नाही म्हणूनच, तडजोडीवर अंगठा घेण्यापूर्वी तिला ती तिच्या भाषेत वाचून दाखवली गेली पाहिजे. आकडा गाठायचा म्हणून मिटवलेले प्रकरण हा न्याय नव्हे. आणि मोफत वकील म्हणजे नवशिका वकील, हा समजही आपल्या कामानेच पुसायला हवा.

आमच्याकडे तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी एकाच गल्लीत बोलतात. समितीची आपल्याला एक विनंती आहे. बायका तयार विड्या द्यायला कारखान्यावर येतात, त्याच वेळी, त्याच दारात, त्यांची भाषा येणारा विधी स्वयंसेवक आठवड्यातून एकदा टेबल टाकून बसावा. बाईने पिशवीतून कागद काढावा, त्याने तिथेच तो वाचून सांगावा, आणि १५१०० हा मदतीचा क्रमांक तिच्या विडी-कार्डाच्या मागे लिहून द्यावा. हा ठराव आम्ही दुपारच्या सत्रात मांडणार आहोत. जेवणात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आहे. ती पोटभर खा, आणि ठरावाला हात वर करताना या टेबलावर बसायला स्वतःचे नावही द्या.